रिंगमधला मुरली कुठं गेला?

१९६४ हे वर्ष बॉक्सिंगवाल्यांना एका रात्रीसाठी आठवतं. २५ फेब्रुवारीला मायामी बीचवर २२ वर्षांच्या कॅशियस क्लेनं सनी लिस्टनला हरवलं आणि हेवीवेटचं जगज्जेतेपद घेतलं. थोड्याच दिवसांत त्यानं नाव बदललं, मुहम्मद अली झाला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचा एक पोरगा सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बॉक्सिंग खेळायला टोकियोला गेला होता. मुरलीकांत पेटकर. त्याचं नाव तेव्हा पेठेत तरी किती जणांना माहीत असेल कुणास ठाऊक.

या दोघांना शेजारी उभं करणं जरा अतीच आहे, कबूल. ना वजन सारखं, ना कीर्ती. पण एक गोष्ट मला सोडवत नाही. अलीचं बॉक्सिंग सैन्यामुळे गेलं. २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनमध्ये त्यानं भरती व्हायला नकार दिला. किताब गेला, लायसन्स गेलं, ऐन भरातली साडेतीन वर्षं गेली. पेटकरांना मुळात बॉक्सिंग दिलंच सैन्यानं, आणि ते नेलं लढाईनं. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. नऊ, असं सांगतात. एक मणक्यापाशी अडकली. कमरेखालचं अंग गेलं. अलीला साडेतीन वर्षांनी रिंग परत मिळाली. पेटकरांना नाही. त्यांनी नुसता खेळच बदलला नाही, खेळणारं शरीरच दुसरं घडवलं आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक आणलं. तो जागतिक विक्रम होता. वैयक्तिक सुवर्ण म्हटलं की आपल्याला २००८ चा अभिनव बिंद्रा आठवतो. हे त्याच्या ३६ वर्षं आधीचं.

या आयुष्यावर कबीर खानचा ‘चंदू चॅम्पियन’ १४ जून २०२४ ला आला. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो माझ्यासारखाच फोनवर पाहिला असेल. कार्तिक आर्यननं अंग कसं कमावलं याचे रील्स तर चित्रपटाच्या आधीच पाहिले असतील. चित्रपट वाईट नाही. युद्धाचा तो न तुटणारा लांबलचक शॉट खरोखर दम काढतो. विजय राजचा टायगर अली पडद्यावर आला की बाकीचे फिके पडतात. तरीही पाहून झाल्यावर मला वाटत राहिलं, की ज्या गोष्टीमुळे हे आयुष्य वेगळं आहे, नेमकी तिच्यावरूनच कॅमेरा घाईनं पुढं गेला.

चित्रपटाची मांडणी आठवा. म्हातारा मुरलीकांत पोलीस ठाण्यात जातो. आपल्याला अर्जुन पुरस्कार दिला नाही म्हणून त्याला राष्ट्रपतींवर केस करायची आहे. श्रेयस तळपदेचा इन्स्पेक्टर आधी हसतो, मग ऐकू लागतो. पुढची सगळी गोष्ट म्हणजे ही तक्रार. तिची सुरुवात १९५२ ला. हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आलेल्या खाशाबा जाधवांचं स्वागत लहानगा मुरली पाहतो आणि ठरवतो, मीपण आणणार. पोरं हसतात, ‘चंदू चॅम्पियन’ म्हणून चिडवतात.

पटकथेची सोय म्हणून हे झकास आहे. अडचण ही, की पदक पहिल्या दहा मिनिटांतच ठरून जातं. मग कुस्ती, बॉक्सिंग, पोहणं ही तीन स्टेशनं उरतात आणि गाडी कुठं जाणार हे आपल्याला ठाऊक असतं. टोकियोतली हार म्हणजे उशीर. नऊ गोळ्या म्हणजे मोठा उशीर. माणसाचं शरीर अर्धं गेलं, ही घटना ‘स्वप्नाच्या वाटेतला अडथळा’ होऊन बसते.

मी खेळाडू नाही. कॉलेजात इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत जिमला गेलो असेन जेमतेम चार महिने, आणि आता दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहितो. पण त्या चार महिन्यांत पंचिंग बॅगवर एक गोष्ट शिकलो. ठोसा हातानं मारत नाहीत. तो मागच्या पायाच्या टाचेतून निघतो, कमरेच्या वळणातून खांद्यात येतो आणि मूठ फक्त तो पोचवते. सगळा खेळ पायांवर उभा आहे. आता कमरेखालची संवेदना गेलेल्या बॉक्सरचा विचार करा. त्याचे हात शाबूत आहेत, दंड आहेत, पण ठोशाचं मूळच कापलं गेलंय. त्याला पाण्यात सोडला तर पाय मारता येत नाहीत, मग कंबर खाली जाते, अंग आडवं राहत नाही. सगळं ओढायचं हातांनी. बॉक्सरकडचं तिथं काय उपयोगी पडलं असेल? खांद्याचं फिरणं, श्वासाचा हिशेब, दुखत असताना लय न सोडण्याची सवय? आणि काय विसरावं लागलं असेल? बॉक्सरचे हात मारून लगेच छातीपाशी परत येतात, हनुवटी झाकतात. पोहणाऱ्याला हात पूर्ण लांब टाकून तिथंच पाणी पकडावं लागतं. वर्षानुवर्षं अंगात मुरलेली सवय अंगातून काढायची, आणि तेही ज्या अंगाची आपल्यालाच अजून ओळख पटलेली नाही त्यातून.

माझ्या मते पेटकरांच्या गोष्टीचं पोट इथं आहे. आणि चित्रपटाकडे ते दाखवायची आयती सोय होती, कारण त्यानं बॉक्सिंगचा कोच टायगर अलीच पुन्हा आणलाय, तोच मुरलीला पाण्यात घालतो. एकच गुरू, एकच चेला, दोन खेळ. या दोघांना नुसतं एका हौदात सोडून वीस मिनिटं द्यायची. कोचलाही माहीत नाही, चेल्यालाही माहीत नाही, काय लागू पडतं ते करून बघायचं. त्याऐवजी मिळतो मोंटाज. प्रीतमचं संगीत, घाम, पडणं, उठणं, पुन्हा पडणं, पोहता येणं. इस्पितळातल्या राजपाल यादवच्या विनोदाला जेवढा वेळ मिळालाय, तेवढा या शिकण्याला मिळालेला नाही.

हेच अलीच्या बाबतीत मायकल मानला जमलं. त्याच्या ‘अली’ (२००१) मध्ये अख्खं आयुष्य नाही. लिस्टनच्या लढतीपासून १९७४ च्या किन्शासापर्यंत, दहा वर्षं. बालपण आलंच तर झलकेपुरतं. सुरुवातीची कित्येक मिनिटं जवळजवळ संवादच नाहीत. क्ले रात्री रस्त्यावर धावतोय, स्पीड बॅगवर हात चालतायत, मध्येमध्ये क्लबमधलं सॅम कुकचं गाणं. तो चित्रपटही काही सगळीकडे जमलेला नाही, मध्ये बराच लांबतो. पण पहिल्या त्या तुकड्यात हा माणूस कोण आहे हे त्याच्या मनगटांवरून कळतं. ‘चंदू चॅम्पियन’ १९५२ पासून २०१८ च्या पद्मश्रीपर्यंत ६६ वर्षं पळतो, आणि मनगटाकडे बघायला त्याला सवड होत नाही.

आता कुस्तीचं. आमच्या शिरवळकडे आणि हायवेनं खाली कराड-इस्लामपूरपर्यंत जत्रेच्या कुस्त्या अजून होतात. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांनी सुरुवात होते, हलगी वाजत असते, आणि मैदानात सगळ्यात महत्त्वाचं काम असतं जोड लावायचं. तिथं काही वजनकाटा नसतो. जाणती माणसं दोन पोरांना शेजारी उभं करतात, खांदे बघतात, कुठल्या तालमीचा, कुठल्या वस्तादाचा पठ्ठा ते विचारतात आणि ठरवतात. लहान पोराला मोठ्या अंगाच्या गड्यापुढं उभं केलं तर लोक खाली बसू देत नाहीत. चित्रपटात मुरलीला नुसतं हरण्यासाठी आखाड्यात उभं करतात, तो जिंकतो, गाव त्याच्या मागं लागतं आणि तो पळून रेल्वेत चढतो. गावच्या बड्या घरातल्या पोराला हरवल्यामुळे गाव सोडावं लागलं, हे पेटकरांनी स्वतः सांगितलेलं आहे. त्यात केवढा ऐवज आहे बघा. तालमीत सगळे लंगोटावर सारखे असतात म्हणतात, आणि बाहेर गावाचा वजनकाटा वेगळाच चालतो. पडद्यावर हा प्रसंग पळापळीचा विनोद होऊन जातो. आमच्या घरी हा सीन चालू असताना काका, जे आयुष्यभर मैदानं बघत आलेत, एवढंच म्हणाले, “ही जोड लावली कुणी?” मला वाटतं चित्रपटानंही हाच प्रश्न विचारायला हवा होता.

भाषेबद्दल फार बोलत नाही. हिंदी चित्रपट हिंदीतच असणार. पण १९५० च्या दशकातलं सांगलीकडचं गाव मराठी शब्दांची फोडणी दिलेल्या हिंदीत बोलतं, आणि ती फोडणी बहुतेक वेळा हसवण्यापुरती असते, तेव्हा कानाला खटकतंच. गंभीर झालं की सगळे शुद्ध हिंदीवर येतात.

माझा खरा वाद मात्र त्या पोलीस ठाण्याशी आहे. पेटकर का विसरले गेले, याला चित्रपटाचं उत्तर आहे: कुणी लक्ष दिलं नाही. मग एक पत्रकार लक्ष देते, देश लक्ष देतो, पद्मश्री मिळते. उत्तर खोटं नाही, पण फार सोपं आहे. १९७२ मध्ये हायडेलबर्गला जे झालं त्याला तेव्हा अधिकृतपणे पॅरालिम्पिक म्हणतच नव्हते. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४८ मध्ये पाठीच्या कण्याला दुखापत झालेल्या सैनिकांसाठी ज्या स्पर्धा सुरू केल्या, त्यांचंच हे पुढचं रूप होतं, आणि नावही त्या इस्पितळाचंच चालायचं. ऑलिम्पिक समितीनं ‘पॅरालिम्पिक’ हे नाव मान्य केलं १९८४ मध्ये. ऑलिम्पिक म्युनिकला होतं. या खेळाडूंना तिथलं क्रीडाग्राम मिळालं नाही, कारण त्या इमारती घरं म्हणून द्यायच्या होत्या, म्हणून स्पर्धा हायडेलबर्गला हलली. म्हणजे पेटकर जिंकले तेव्हा त्या जिंकण्याला धड नाव नव्हतं, जागा उसनी होती, आणि आपल्याकडच्या पुरस्काराच्या फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुनसाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. आमच्या धंद्यात म्हणतात, लॉगमध्ये नोंद नसेल तर ते झालंच नाही. इथं नोंद ठेवायचं टेबलच कुणी बनवलं नव्हतं. एखाद्या निगरगट्ट साहेबावर हसून हे दिसत नाही. साहेब बदलला तरी रकाना तसाच कोरा राहतो.

आणि मुरली ज्यांच्याकडे बघून पेटला, त्या खाशाबांकडे तरी काय होतं? त्यांचं पदक तर खुद्द ऑलिम्पिकचं, शंभर टक्के मान्यताप्राप्त. कराड स्टेशनवरून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे आपल्याकडे अजून अभिमानानं सांगतात. हेलसिंकीला जायला मात्र पैसे नव्हते, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पुढं पोलिसात नोकरी, निवृत्तीनंतर पेन्शनसाठी हेलपाटे, १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात मृत्यू. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००१ मध्ये. पद्म पुरस्कार नाहीच. चित्रपटात खाशाबा येतात ते फुलांनी मढलेल्या मिरवणुकीपुरते. त्या मिरवणुकीचं पुढं काय झालं हे जर मुरलीनं, आणि आपण, मध्येच कुठंतरी पाहिलं असतं, तर पोलीस ठाण्यातल्या म्हाताऱ्याची तक्रार एकट्याची राहिली नसती. गोळेश्वर आणि पेठ ही गावं एकाच हायवेच्या आसपास आहेत, मध्ये तासभराचंही अंतर नाही. पटकथेला एवढं अंतर कापता येऊ नये?

कार्तिक आर्यनबद्दल मात्र माझी तक्रार नाही. व्हीलचेअरमध्ये बसल्यावर त्याचे खांदे जसे पुढं येतात, त्यात मला क्षणभर तो रिंगमधला गार्ड दिसला. ठरवून केलं की आपोआप झालं, माहीत नाही. पण जे मी वर मोठं करून मागतोय ते त्या नटाच्या अंगाला समजलं होतं असं वाटतं. दिग्दर्शक त्या खांद्यांवर थांबला नाही.

१७ जानेवारी २०२५ ला मुरलीकांत पेटकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार मिळाला. चित्रपट येऊन सातच महिने झाले होते. सुवर्णपदकाला ५२ वर्षं. चित्रपटामुळेच मिळाला असं मी म्हणणार नाही, पण ही आकडेवारी बघून कबीर खानवर एवढं सगळं लिहिताना जरा ओशाळायला होतं. तरी टीका मागं घेत नाही. तक्रारीची दाद लागली, हे फार छान झालं. पण तो बॉक्सर पोहायला कसा शिकला, हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

नागराज मंजुळेंनी खाशाबांवर चित्रपट जाहीर केलाय. त्यांच्याकडून माझं मागणं छोटं आहे. बैलगाड्या थोड्या कमी चालतील. १९४८ ला लंडनमध्ये तांबड्या मातीतला हा गडी मॅटवर उतरला तेव्हा त्याच्या अनवाणी सवयीच्या पायांचं काय झालं, तेवढं दाखवा, आणि घाई करू नका.