अदृश्य स्वरांचा प्रश्न : अरबी भाषकांच्या इंग्रजी अध्यापनाची चिकित्सा

अरबी भाषकांना इंग्रजी स्वर शिकविताना एकाच ध्वनीने भिन्न होणाऱ्या शब्दजोड्यांचा सराव ही रूढ पद्धती होय. ॲन बेकर यांचे 'शिप ऑर शीप?' (१९७७) हे तिचे सर्वपरिचित पाठ्यपुस्तक. त्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु अरबी विद्यार्थ्यापुढे ही पद्धती जशीच्या तशी ठेवणे कितपत योग्य, हा प्रश्न उरतोच.

प्रमाण अरबीत तीन ऱ्हस्व स्वर, त्यांची दीर्घ रूपे आणि दोन संयुक्त स्वर आहेत. ब्रिटिश प्रमाण उच्चारात स्वरध्वनींची संख्या साधारणतः २० मानली जाते. यावरून अडचण जिभेची आहे असा निष्कर्ष काढला जातो. तो अपुरा आहे. ऱ्हस्व-दीर्घ भेद अरबीत अर्थभेदक आहे : 'कतब' म्हणजे त्याने लिहिले, 'कातब' म्हणजे त्याने पत्रव्यवहार केला. त्यामुळे 'शिप' आणि 'शीप' वेगळे ऐकण्यास त्याला मातृभाषेचाच आधार मिळतो. (आपल्या मराठी विद्यार्थ्याला तो तेवढा मिळत नाही, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.) खरी ओढाताण 'सिट' आणि 'सेट' यांसारख्या जोड्यांत होते.

मूळ प्रश्न लिपीचा आहे. फतहा, कसरा व दम्मा ही ऱ्हस्व स्वरचिन्हे कुराणात आणि बालवाचनाच्या पुस्तकांत आढळतात. नित्याच्या छापील मजकुरात ती गाळली जातात. वाचक क-त-ब हा व्यंजनांचा सांगाडा पाहतो आणि संदर्भावरून स्वर भरतो. ही उणीव नव्हे, कमावलेले कौशल्य आहे. इंग्रजीत मात्र तेच आड येते. ॲन रायन व पॉल मिआरा यांनी १९९१ मधील अभ्यासात दाखविले की, शब्दातून गळालेला स्वर अरबी भाषकांच्या नजरेतून इतर विद्यार्थ्यांपेक्षा अधिक वेळा निसटतो. 'अदृश्य स्वर' हा त्यांचा शब्दप्रयोग समर्पक असला, तरी त्यातून दोष विद्यार्थ्याच्या दृष्टीत असल्याचा भास होतो, हे खटकते. शिवाय वाचनातील निरीक्षणावरून उच्चाराविषयी थेट अनुमान करता येत नाही.

वर्गात याचे परिणाम गंभीर होतात. श्रुतलेखनात स्वर गाळणाऱ्या विद्यार्थ्यावर निष्काळजीपणाचा शिक्का बसतो आणि उपाय म्हणून त्याच्याकडून पुन्हा उच्चारांचीच घोकंपट्टी करून घेतली जाते. वस्तुतः अनुच्चारित 'ई'मुळे 'हॉप'चे 'होप' कसे होते, हे त्याला डोळ्यांनी शिकवावे लागते. दुहेरी व्यंजनाबाबत तर अरबी संस्कार उलटच आहे. तेथे शद्दा हे चिन्ह व्यंजनाचे द्वित्व दर्शविते आणि ते द्वित्व उच्चारलेही जाते. इंग्रजीतील 'हॉपिंग'मध्ये दोनदा लिहिलेला 'पी' मात्र केवळ आधीचा स्वर ऱ्हस्व असल्याची खूण असतो. एकच 'पी' लिहिला की शब्द 'होपिंग' होतो. शब्दजोड्यांच्या तोंडी सरावात ही खूण दिसण्याची सोयच नसते.