पस्तीस वर्षांची मैत्री ऐकू येते का? (आणि येत असेल तर प्रबंधात कशी लिहायची?)

आजची पोस्ट एका जॅझ मैफलीबद्दल आहे. पण सुरुवात माझ्या प्रबंधातल्या एका वाक्यापासून करते, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

माझा विषय ख्याल गायनातली हार्मोनियमची संगत. तिसऱ्या प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात मी मोठ्या थाटात लिहिलं होतं, "दीर्घ सहवासामुळे संगतकाराला गायकाची पुढची जागा आधीच कळते." मॅडमनी त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला, "कशावरून?" मी आठवडाभर त्या शब्दाकडे बघत बसले. माझ्याकडे मुलाखती होत्या आणि त्यात सगळे हेच सांगत होते. पण सगळे तेच सांगतात, म्हणून ते ध्वनिमुद्रणात ऐकू येतं असं थोडंच होतं? आणि ते वाक्य पडलं, तर अख्खं प्रकरण पडत होतं.

आपल्या विषयावर आपलं प्रेम असतं, त्यामुळे तिथं कान लबाडी करतात. म्हणून मी ठरवलं, हाच प्रश्न आधी दुसऱ्याच्या संगीताला विचारून बघू. हाताशी होता ‘द न्यू क्रिस्टल सायलेन्स’ हा २००८ सालचा दोन सीडींचा संच. पियानोवर चिक कोरिया, व्हायब्राफोनवर गॅरी बर्टन. दोघांनी एकत्र वाजवायला सुरुवात करून पस्तीस वर्षं झाली, त्या निमित्ताने झालेल्या मैफलींचं हे ध्वनिमुद्रण. पहिली सीडी मे २००७ ची, सिडनीच्या ऑपेरा हाऊसमध्ये सिडनी सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर. दुसरी त्याच वर्षीच्या जुलैमधली, मुख्यतः नॉर्वेतल्या मोल्दे इथली, फक्त दोघांची.

थोडी पार्श्वभूमी. १९७२ साली जर्मनीतल्या एका महोत्सवात हे दोघं एकत्र वाजले. ते ऐकून ईसीएम या कंपनीचे मॅनफ्रेड आयकर यांनी दोघांचीच रेकॉर्ड करायचं सुचवलं. नोव्हेंबर १९७२ मध्ये ऑस्लोच्या स्टुडिओत ‘क्रिस्टल सायलेन्स’ मुद्रित झाली. बास नाही, ड्रम नाही, दोनच वाद्यं. पुढे ‘ड्युएट’, झुरिकची १९७९ ची मैफल, स्ट्रिंग क्वार्टेटबरोबरची ‘लिरिक स्वीट फॉर सेक्स्टेट’, ‘नेटिव्ह सेन्स’ असं एकेक येत गेलं.

व्हायब्राफोन न पाहिलेल्यांसाठी सांगते. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यांच्याखाली नळ्या, सूर लांबवायला किंवा तोडायला पायाखाली पेडल. नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या चकत्या असतात, त्यांनी सूर थरथरतो. बर्टन ती मोटर सहसा बंदच ठेवायचे, त्यामुळे त्यांचा सूर स्वच्छ आणि सरळ येतो. शिवाय दोन्ही हातांत मिळून चार मॅलेट, म्हणजे मेलडीही तेच आणि कॉर्डही तेच. या वाद्याचा पल्ला साधारण तीन सप्तकांचा, आणि तो सगळाच्या सगळा पियानोच्या पल्ल्यात बसतो. पियानोलाही पेडल आहे, पियानोही कॉर्ड वाजवतो. म्हणजे दोघांचं काम तेच आणि जागाही तीच. एकाच स्वयंपाकघरात दोघं एकाच वेळी फोडणी द्यायला उभे राहावेत, तसं. एकमेकांना कोपर लागणार हे नक्की. म्हणूनच कोण कधी थांबतं, कोण कधी सरकून जागा देतं, हे इथं उघड ऐकू येतं. आपल्या प्रश्नासाठी यापेक्षा बरं उदाहरण मिळणं अवघड.

आता मैफलीकडे. पहिली सीडी मला निम्मीच पटली. ऑर्केस्ट्रेशन टिम गार्लंड यांचं आहे, संचालन जोनाथन स्टॉकहॅमर यांचं. काम नेटकं आहे, रंग भरपूर आहेत. पण ‘क्रिस्टल सायलेन्स’ ही रचनाच ऐका. तिचं सगळं सौंदर्य दोन वाक्यांमधल्या रिकाम्या जागेत आहे. १९७२ मध्ये बर्टनचा एक सूर विरत जातो, आणि तो पुरता विरायच्या आत कोरिया पुढचा ठेवतात, किंवा ठेवत नाहीत. ती अनिश्चितता हेच त्या रचनेतलं नाट्य आहे. सिडनीत ती जागा व्हायोलिनं भरून काढतात. ऐकायला गोड लागतं, पण आता कोण बोलणार ही उत्सुकता जाते. कारण साधं आहे. ऑर्केस्ट्राचं सगळं कागदावर लिहिलेलं असतं. दोघांपैकी एकाला वाटलं म्हणून चार आवर्तनं जास्त थांबता येत नाही, मागे मोठा वाद्यवृंद बसलेला असतो. मैत्रीचा सत्कार करायला बोलावलेल्या पाहुण्यांनी सत्कारमूर्तींनाच बोलू देऊ नये, असं काहीसं तिथं होतं.

दुसरी गोष्ट, पहिल्या सीडीतल्या पाचही रचना कोरियांच्या आहेत. दुसऱ्या सीडीत बिल एव्हन्सची ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ आहे, गर्शविन आहे, पण पारडं तिथंही कोरियांकडेच झुकतं. मूळच्या १९७२ च्या रेकॉर्डवर नऊपैकी तीन रचना स्टीव्ह स्वॅलो यांच्या आणि एक माइक गिब्ज यांची होती, आणि हे दोघंही बर्टनच्या गोटातले. म्हणजे सुरुवातीला दोघांच्या शिदोऱ्या ताटात होत्या, आणि समारंभाच्या वेळी एकाचीच जास्त उरली. यावरून मैत्री विषम होती असं मी म्हणणार नाही. बर्टन प्रामुख्याने दुसऱ्यांच्या रचना वाजवणारे, त्यांना ते खुपलंही नसेल. पण ‘समान भागीदारी’ असा शब्द लिहिण्याआधी अशी साधी मोजदाद करावी, एवढंच. मोजायला पाच मिनिटं लागतात.

आता मूळ प्रश्न. पस्तीस वर्षं ऐकू येतात का?

माझी पहिली चूक सांगते. मी १९७२ ची ‘क्रिस्टल सायलेन्स’ लावली, मग सिडनीची लावली, आणि वहीत लिहिलं, "मैत्री परिपक्व झाली." हे वाक्य बाद आहे. का, ते तुम्हीच बघा. एक स्टुडिओतलं, दुसरं प्रेक्षकांसमोरचं. एक दोघांचं, दुसरं ऑर्केस्ट्रासह. मध्ये पस्तीस वर्षं गेली, हे खरं. पण वर्षांबरोबर बाकीच्याही दोन गोष्टी बदलल्या. मग फरक कशामुळे पडला, हे कसं ठरवणार?

म्हणून जोड्या नीट निवडाव्या लागतात. नशिबाने या दोघांनी आपली सोय करून ठेवली आहे. ‘ला फिएस्टा’ ही रचना दोन्ही सीडींवर आहे. मे मध्ये ऑर्केस्ट्रासह, जुलैमध्ये फक्त दोघं. माणसं तीच, वर्ष तेच, दोन्ही प्रत्यक्ष मैफली. हॉल आणि श्रोते वेगळे, पण मोठा फरक ऑर्केस्ट्राचाच. म्हणजे ऑर्केस्ट्रा काय करतो, हे या जोडीतून कळतं. आणि ‘सेन्योर माउस’ तीन वेळा मिळते, १९७२ स्टुडिओ, १९७९ झुरिक, २००७ ची दुसरी सीडी. त्यातली शेवटची दोन्ही प्रत्यक्ष मैफलीतली आणि फक्त दोघांची. मध्ये अठ्ठावीस वर्षं. काळाचा परिणाम बघायचा तर ही जोडी धरायची.

इथं माझ्या लाडक्या गृहीतकाला पहिला दणका बसला. सहवासाने एकमेकांची चाहूल लागते, असं असेल तर १९७२ ची रेकॉर्ड चाचपडणारी असायला हवी. तेव्हा या जोडीला धड वर्षही झालं नव्हतं. पण ती अजिबात चाचपडत नाही. एकमेकांना दिलेली जागा, वाक्याच्या टोकाला अचूक भेटणं, सगळं तिथं आहेच. म्हणजे ‘आधीच कळणं’ पस्तीस वर्षांनी आलेलं नाही, ते पहिल्याच वर्षी होतं.

मग ते आलं कुठून? पर्यायी स्पष्टीकरणं मांडून बघा. दोघंही तरुणपणी सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यांच्या बँडमध्ये होते, वेगवेगळ्या काळात. म्हणजे तालीम काही अंशी एकाच घरातली. दोघांचा काळ एक, स्टॅण्डर्ड रचनांचा साठा बराचसा एक. आपल्याकडे एका घराण्याचे दोन अनोळखी लोक पहिल्याच बैठकीत जुळतात, त्याला आपण मैत्री म्हणत नाही, तालीम म्हणतो. माझ्या प्रबंधातल्या त्या वाक्यात मी ही शक्यता विचारातच घेतली नव्हती.

दुसरा दणका हॉस्टेलवर बसला. दोन मैत्रिणींना नावं, सालं काहीही न सांगता १९७२ ची आणि २००७ ची ‘सेन्योर माउस’ ऐकवली आणि विचारलं, यातली जुनी मैत्री कुठली? दोघींनी १९७२ कडे बोट दाखवलं. २००७ चं ऐकून एक म्हणाली, "हे दोघं भांडतायत का?" आता दोन मैत्रिणी म्हणजे संशोधन नव्हे, हे मला कळतं. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना.

परत ऐकलं. तिचं बरोबर होतं. २००७ ला ते एकमेकांच्या वाक्यात घुसतात. एकाचं संपायच्या आत दुसरा सुरू होतो, एकाच जागी दोघं गर्दी करतात, कोपर खरोखरच लागतं. १९७२ ला दोघं पाहुण्यांसारखे वागतात, "आधी तुम्ही" म्हणतात. १९७९ ला ताव चढलेला आहे, पण शिस्त अजून दिसते. २००७ ला शिष्टाचार संपलेला आहे. घरातली माणसं एकमेकांना मध्येच तोडतात, आणि कोणाला राग येत नाही. तसं.

म्हणजे पस्तीस वर्षांनी काही दिलं असेल, तर ते चाहूल लागणं नव्हे. दिली ती धडकायची मुभा. आणि तिची किंमतही आहे, हे समीक्षक म्हणून सांगायलाच हवं. २००७ ला काही ठिकाणी सूर फार होतात. आपण पडलो तर हा सावरेल, याची इतकी खात्री आहे की पडायची भीतीच राहत नाही, आणि भीती नसली की थोडा नेमकेपणाही जातो. मला विचाराल तर शांत बसून ऐकायला मी आजही १९७२ लावेन. पण दोन माणसं एकमेकांना किती ओळखतात हे ऐकायचं असेल, तर २००७. या संचाला ग्रॅमी मिळालं, पण त्यातून यातलं काहीच सिद्ध होत नाही, तेव्हा ते पुरावा म्हणून वापरू नका.

एक सावधगिरी. हाही निष्कर्ष अजून कच्चाच आहे. वय वाढल्यावर वाजवणं एरवीही बदलतं. हे फक्त एकमेकांबरोबर होतं का, हे बघायला दोघांची त्याच काळातली, दुसऱ्या लोकांबरोबरची ध्वनिमुद्रणं ऐकावी लागतील. ती आहेत. ते काम बाकी आहे.

नवीन मैफल मात्र आता मिळणार नाही. बर्टन २०१७ मध्ये निवृत्त झाले, कोरिया ९ फेब्रुवारी २०२१ ला गेले. आहे तेवढ्याच मुद्रणांशी प्रामाणिक राहायचं. माझ्या विषयातही तेच आहे. ज्या जोड्यांबद्दल मी लिहिते, त्यातले कितीतरी जण आता नाहीत, आणि त्यांच्या नावावर मी काहीही खपवलं तरी उलट बोलायला कोणी येणार नाही. म्हणून तर "कशावरून?" हा शब्द महत्त्वाचा.

मी तिसऱ्या प्रकरणातलं ते वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, "दीर्घ सहवास असलेल्या जोड्यांमध्ये संगतकार गायकाच्या वाक्यात अधिक वेळा शिरतो का, हे पुढील ध्वनिमुद्रणांत तपासले आहे." पहिल्याइतकं गोड नाही. पण हे चुकू शकतं, आणि चुकलं तर कळेल. मॅडमनी यावेळी पेन्सिल उचलली नाही. "तपास मग," एवढंच म्हणाल्या.

आता तुमच्यासाठी काम. सिनॉप्सिस लिहीत असाल, तर त्यातलं तुम्हाला सगळ्यात आवडणारं वाक्य काढा आणि कागदावर तीन गोष्टी लिहा. हे खोटं असतं तर काय दिसलं असतं? हेच दुसऱ्या कशामुळे घडू शकतं का? आणि बाकी सगळं शक्य तितकं सारखं ठेवून, एकच मोठा फरक असलेली जोडी माझ्याकडे आहे का? तिन्हींची उत्तरं नसतील तर घाबरू नका, माझ्याकडेही नव्हती. ते वाक्य तेवढ्यापुरतं बाजूला ठेवा आणि रात्री हेडफोन लावून तिन्ही ‘सेन्योर माउस’ ओळीने ऐका. तुम्हाला माझ्यापेक्षा वेगळं काही ऐकू आलं तर खाली नक्की लिहा. कुठल्या सालचं, कितव्या मिनिटाला, तेवढं मात्र सांगा.