मार्गशोधकांचे संरेखन : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : सन २०१२ मध्ये सर्न येथे हिग्ज बोसॉनचा शोध जाहीर झाला. त्यावरील मराठी लेखन बहुधा शोधाच्या महतीपाशी थांबते; उपकरण स्वतः कितपत विश्वसनीय होते, हा प्रश्न उपेक्षित राहतो.

विवेचन : टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या सीएमएस प्रयोगात त्या वेळी सुमारे १६,५०० सिलिकॉन पट्टिका कणांचा मार्ग टिपत होत्या. पट्टिका बसवताना राहिलेले विचलन त्यांच्या मोजमापाच्या सूक्ष्मतेहून अधिक असते. म्हणून लक्षावधी कणमार्ग घेऊन, अपेक्षित व प्रत्यक्ष बिंदूंमधील अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान करीत पट्टिकांची खरी स्थाने काढली जातात. येथेच पद्धतीची मर्यादा आहे. संपूर्ण शोधकाला किंचित पीळ पडला, तरी ही बेरीज जवळजवळ बदलत नाही. कणाचा संवेग मात्र चुकतो. म्हणजेच आकडे जुळणे हे सत्याचे प्रमाण नव्हे. त्यासाठी वैश्विक किरणांतील म्युऑन, झेड बोसॉनचे ज्ञात वस्तुमान अशी स्वतंत्र साक्ष घ्यावी लागते.

निष्कर्ष : नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत व्हर्नियरचा शून्यदोष शिकवला जातो, जबडे मिटले की तो दिसतो. ज्या उपकरणाला मिटण्याजोगे जबडेच नाहीत, त्याचा दोष कसा ओळखावा, ही त्यापुढची पायरी होय. नांदेड विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया प्रकल्प २०२३ मध्ये मंजूर झाला. त्याच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजांतील मोजमापही आरशांच्या अचूक संरेखनावर अवलंबून राहील. म्हणून दोषविचार हा प्रयोगवहीतील उपचार न राहता अध्यापनाचा गाभा व्हावा.