प्रकल्प-पद्धती आणि मार्गदर्शकाचे स्थान

विल्यम हर्ड किल्पॅट्रिक यांचा प्रकल्प-पद्धतीवरील निबंध १९१८ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याने मनापासून पत्करलेला हेतू हाच शिक्षणाचा गाभा होय, हे त्यातील मुख्य प्रतिपादन. हेतू ठरविणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि फलिताचे परीक्षण करणे अशा चार पायऱ्या त्यांनी सांगितल्या. शालेय प्रकल्पांत आजही हा क्रम थोड्याफार फरकाने आढळतो. मात्र त्यात शिक्षकाने नेमके कोठे उभे राहावे, हा प्रश्न पुरता सुटलेला नाही.

किल्पॅट्रिक यांच्या १९२५ च्या 'फाउंडेशन्स ऑफ मेथड' या संवादरूप ग्रंथात हा प्रश्न मक्याच्या उदाहरणाने पुढे येतो. मका पेरणाऱ्या मुलाला शिक्षकाने तयार योजना का देऊ नये, अशी शंका तेथे घेतली आहे. कारण शास्त्राची रीत मुलाच्या योजनेहून सरस असणार, आणि ती न दिल्यास जमीन, खत व श्रम वाया जाणार. उत्तराचा आशय असा, की पीक हवे असेल तर योजना द्यावी. मुलगा घडवावयाचा असेल तर ती त्यालाच करू द्यावी.

हे उत्तर मार्मिक खरे, पण अपुरे आहे. समजा, मुलाने स्वतःच्या बुद्धीने पेरणी केली आणि कणसे भरली नाहीत. दोष बियाण्याचा, खताचा, की पाण्याचा? सारे शेत एकाच रीतीने पेरले असेल, तर ते शेत याचा निवाडा देऊ शकत नाही. पीक गेले आणि ज्ञानही आले नाही. परीक्षण ही चौथी पायरी मानल्याचा हा परिणाम होय. वस्तुतः परीक्षणाचा विचार दुसऱ्या पायरीवरच, योजनेबरोबर, व्हावयास हवा. "तुझी समजूत चुकीची असेल, तर ते तुला कशावरून कळेल?" हा प्रश्न पेरणीपूर्वी विचारणे, हे मार्गदर्शकाचे कार्य. मग एक वाफा खताविना राखण्याची युक्ती मुलालाच सुचण्याचा संभव आहे. योजना त्याचीच राहते, आणि फसलेले पीकही काही शिकवून जाते.

पुष्कळ प्रकल्प अल्पकालीन व क्षुल्लक असतात, असा आक्षेप जॉन ड्यूई यांनी १९३१ मध्ये घेतला होता. परंतु विषय मोठा केल्याने हा दोष जात नाही. भारतात १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने स्थानिक प्रश्नांवर भर दिला, तो योग्यच. जवळची वस्तू पुनःपुन्हा पाहता व मोजता येते. तथापि 'गावातील पाणीटंचाई' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. शाळेजवळच्या दोन विहिरींपैकी एकीचे पाणी आधी का आटते, हा प्रश्न होय. कारण तुलना त्याच्या पोटातच आहे. विषयापासून प्रश्नापर्यंतच्या या वाटेवर विद्यार्थ्याला सोबत लागते. त्यापुढील निष्कर्ष मात्र त्याचा त्यानेच काढावा.

म्हणून प्रकल्पवहीचा सुबकपणा हे मार्गदर्शनाचे प्रमाण मानता येणार नाही. अपेक्षेविरुद्ध आलेली नोंद त्या वहीत शिल्लक आहे काय, आणि तिच्याविषयी विद्यार्थ्याला चार वाक्ये बोलता येतात काय, हे आधी पाहावे लागेल.