किती एचपीचा पंप? एका प्रश्नाची चिकित्सा

आज आपण टीका करणार आहोत ती कुठल्या माणसावर किंवा खात्यावर नाही, एका प्रश्नावर. गावात पाणीपुरवठा योजना आली की ग्रामसभेत पहिला प्रश्न निघतो, "मोटर किती एचपीची टाकताय?" आमचं म्हणणं असं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. तो आधी विचारला की बाकीचे प्रश्न राहूनच जातात.

उदाहरण बुलढाणा जिल्ह्याचंच घेऊ. इथले लोक जिल्ह्याचे दोन भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार घाटावर. मलकापूर, शेगाव, संग्रामपूर घाटाखाली. पंपाच्या हिशोबालाही हीच विभागणी लागू पडते, बरं का.

दोन गावं मानू, दोन्हींची लोकसंख्या ४,०००. जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी रोज ५५ लिटर म्हणजे २ लाख २० हजार लिटर. गळती धरून उद्भवावरून साधारण २ लाख ६० हजार लिटर उचलावे लागतील. पंप आठ तास चालणार असेल तर सेकंदाला ९ लिटर, सोळा तास चालणार असेल तर साडेचार. म्हणजे पहिला आकडा एचपीचा नाहीच, तासांचा आहे.

आता उंची. विहिरीतल्या उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पातळीपासून टाकीत पाणी जिथे पडतं तिथपर्यंतची उंची मोजायची. टाकीच्या पायापर्यंतची नाही. त्यात पाइपमधलं घर्षण मिळवायचं. घाटावरच्या गावाला चढ ६० मीटर आणि पाइप दीड किलोमीटर मानू. घाटाखालच्या गावाला चढ २५ मीटर, पण पाइप सहा किलोमीटर. दोन्हीकडे पाइपचा आतला व्यास १०० मिलिमीटर.

सेकंदाला ९ लिटर पाणी नेताना या पाइपमध्ये किलोमीटरमागे सुमारे साडेतेरा मीटर घर्षण होतं. घाटावर एकूण ८० मीटर झाले. घाटाखाली मात्र २५ चे १०७! सपाट गावाला डोंगरातल्या गावापेक्षा जास्त जोर लागला. सोळा तास पंप चालवला तर प्रवाह निम्मा होतो, पण घर्षण निम्मं होत नाही, ते पाव हिश्श्याच्या जवळ येतं. घाटाखालचा आकडा ४८ मीटरवर उतरतो. पंप आणि मोटरची मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर रोजची वीज १२६ युनिटवरून ५६ वर येते. घाटावर हाच बदल ९५ वरून ७७ इतकाच, कारण तिथे चढ खरा आहे, तो कमी करता येत नाही.

कुणी म्हणेल, "साहेब, सोळा तास वीज देतं कोण?" रास्त आहे. विहीर शेतीच्या वाहिनीवर असेल तर थ्री-फेज साधारण आठ तासच मिळते, तीही पाळीने. मग पाइप १५० मिलिमीटरचा घ्या. आठ तासांतही घाटाखालचा आकडा ३६ मीटर आणि वीज ४३ युनिट. पाइपला एकदा पैसे जातात. बिल ग्रामपंचायत दर महिन्याला भरते. बिल थकलं की जोडणी तुटते, आणि कागदावर पूर्ण झालेली योजना कोरडी पडते.

"मोठा पंप घ्या, पुढच्या तीस वर्षांची सोय होईल," हा युक्तिवादही तपासू. केंद्राच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमावलीत पाइपचा संकल्पकाळ ३० वर्षं आहे, पंपाचा १५. याचा अर्थ उलटा निघतो: तीस वर्षांचं भविष्य पाइपमध्ये पुरा, पंप पंधरा वर्षांच्या गरजेचाच घ्या. त्याच नियमावलीत ५० हजारांखालच्या वस्तीसाठी कमाल मागणी सरासरीच्या तिप्पट धरायला सांगितलं आहे. काही अंदाजपत्रकांत ही तिप्पट पंपालाच लावतात. अहो, सकाळची गर्दी सांभाळायला तर टाकी बांधली! तिप्पट लागते ती टाकीखालच्या वितरण वाहिनीला. नळाला सात मीटर दाब हवा, तोही टाकीची उंची देते.

आता खरा कस. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी वान धरणावरची १४० गावांची योजना आहे. एवढी गावं एकत्र का बांधावी लागली? कारण हा खारपाणपट्टा; विहीर खणली तरी पाणी खारं. अशा कुठल्याही अनेक टाक्यांच्या योजनेत जवळची आणि सखल टाकी आधी भरते, लांबची आणि उंच टाकी मागे राहते. प्रत्येक टाकीच्या तोंडाशी प्रवाह बांधून देणारा व्हॉल्व्ह नसेल, तर मोठा पंप लावल्याने जवळची टाकी आणखी लवकर ओसंडते, एवढंच. शिवाय गरजेपेक्षा जास्त हेडचा पंप कमी विरोधावर चालला की पाणी जास्त फेकतो, मोटर जास्त करंट ओढते आणि जळते. मग शेवटच्या गावात लोक नळाला टिल्लू पंप लावतात, शेजाऱ्याचा नळ कोरडा होतो, आणि ज्याला तेही परवडत नाही तो पुन्हा खाऱ्या बोअरकडे जातो. चुकीच्या प्रश्नाची किंमत त्याच्या हंड्यात पडते.

तेव्हा ग्रामसभेत चार गोष्टी या क्रमाने विचारा. वीज खरोखर किती तास? पाण्याच्या पातळीपासून टाकीच्या तोंडापर्यंत उंची किती? पाइप किती लांब, आतून किती रुंद? आणि शेवटच्या टाकीत सेकंदाला किती लिटर पडणार? यांची उत्तरं अंदाजपत्रकात सापडली, की एचपी कोणीही काढेल. सापडली नाहीत, तर एचपीचा आकडा कितीही मोठा असो, त्यावर सही करू नका.