तीव्र दम्याची रुग्णनोंदवही : उपयुक्तता आणि मर्यादा
औषधचाचण्यांतून धूम्रपान करणारे व इतर व्याधींनी ग्रस्त रुग्ण बहुधा वगळले जातात. प्रत्यक्ष उपचारात मात्र असे रुग्ण नित्य भेटतात. ही उणीव रुग्णनोंदवही भरून काढते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय तीव्र दमा नोंदवहीत विविध देशांतील रुग्णांचे झटके, इओसिनोफिल पेशींचे प्रमाण व उपचार यांची एकसारखी नोंद होते. त्यामुळे जैविक औषधांची परिणामकारकता पडताळता येते. तथापि, उच्च मात्रेतील उपचार घेऊनही आटोक्यात न येणारा दमा तो तीव्र दमा, अशी व्याख्या असल्याने, ज्यास नियमित इनहेलरच परवडत नाही तो रुग्ण नोंदीबाहेर राहतो. म्हणून या निष्कर्षांवरून संपूर्ण समाजाच्या आरोग्यसेवेचे नियोजन करणे सदोष ठरेल. प्राथमिक आरोग्यसेवेतील नोंदींची जोड त्यास आवश्यक आहे.