भोंडल्याची गाणी आणि मुलींचे शिक्षण : एक पुनर्विचार

सणावारांतून मुलांवर संस्कार होतात, हे विधान मराठीत इतक्या वेळा केले जाते की त्याची परीक्षा करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. संस्कार नेमका कोणता, तो कोणत्या मार्गाने होतो आणि मुलाच्या पदरी प्रत्यक्षात काय पडते, हे प्रश्न त्या विधानात अनुत्तरितच राहतात. या प्रश्नांच्या विवेचनास भोंडला विशेष उपयुक्त आहे. कारण तो मुलींचाच खेळ आहे, त्यात गाणाऱ्या व ऐकणाऱ्या त्याच आहेत, आणि त्याची गाणी पुष्कळशी मुखपरंपरेनेच टिकून राहिली आहेत.

आश्विनात घटस्थापनेपासून पाटावर हत्ती काढून त्याभोवती मुलींनी फेर धरावयाचा, गाणी म्हणावयाची आणि शेवटी खिरापत ओळखावयाची, हे त्याचे सर्वपरिचित स्वरूप. सूर्य हस्त नक्षत्रात आल्यापासून सोळा दिवस चालतो तो हादगा. विदर्भ-खानदेशात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मांडली जाते ती भुलाबाई. नावे व दिवस भिन्न असले तरी गाण्यांचा मुख्य विषय एकच आहे : सासर आणि माहेर.

या गाण्यांविषयी दोन मते रूढ आहेत. एका मताप्रमाणे ती मुलीला सासरच्या जाचाची आगाऊ कल्पना देऊन सहनशीलता शिकवितात. दुसऱ्या मताप्रमाणे ती स्त्रीच्या दुःखाचा उद्गार आहेत. ही मते परस्परविरुद्ध दिसली तरी दोहोंची पद्धत एकच आहे : गाण्याच्या आशयातून बोध वेचून काढावयाचा आणि तोच मुलीपर्यंत पोहोचला असे गृहीत धरावयाचे. वस्तुतः आठ-दहा वर्षांची मुलगी बोध ऐकत नसते. ती रचना आत्मसात करीत असते. म्हणून आशयाइतकेच रचनेकडेही पाहणे प्राप्त आहे.

मातीपासून आरंभ होणारे प्रसिद्ध साखळीगीत या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. मातीचा ओटा, ओट्यावर जाते, जात्यावर दळण, दळणाच्या करंज्या, त्या झाकून पालखीतून माहेरी धाडणे, अशी ही मालिका. प्रत्येक कडीत मागील वस्तू पुढील क्रियेचा आधार बनते. कामांचा क्रम पाठ होतो तो असा. या क्रियापदांचे रूप आज्ञार्थाचे नसून विध्यर्थाचे आहे, हेही लक्षणीय होय. आज्ञार्थात हुकूम करणारी व्यक्ती समोर उभी असते. या विध्यर्थात ती दिसत नाही. काम जणू स्वतःच आपली अपेक्षा सांगते. वडीलधाऱ्यांच्या तोंडचा हुकूम येथे मुलींच्या स्वतःच्या तोंडी इच्छेचे रूप घेतो. परंतु याच गाण्याच्या अखेरीस सासरच्या मारहाणीचा उल्लेख अत्यंत उघडपणे येतो. गृहकृत्यांचा पाठ आणि त्या गृहाविषयीची तक्रार एकाच चालीत, एकाच श्वासात म्हटली जाते. केवळ सहनशीलता शिकविणे हाच हेतू असता तर ही अखेर तेथे टिकती ना.

कारल्याच्या वेलाचे गाणे याहून सूक्ष्म आहे. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू तिला आधी वेल लावण्यास सांगते. वेल लागला की कारले येऊ दे, कारले आले की भाजी कर, भाजी झाली की जेवण आटोप, अशी अट मागून अट निघत जाते. यातील कोणतीही एक अट अन्याय्य नाही. सगळ्या एका ओळीत ठेवल्यावरच तो नकार आहे हे कळते. ही ओळ लावून दाखविण्याचे काम गाण्याची पुनरावृत्ती करते. सबब कशी ओळखावी, हे मुलीला उपदेशाने सांगितले असते तर ते उद्धटपणाचे शिक्षण ठरले असते. फेर धरून म्हटले की तो खेळ होतो. वेड्या नवऱ्याच्या गाण्यात तर करंज्यांना होड्या समजून पाण्यात सोडणाऱ्या पतीची यथेच्छ थट्टा आहे, आणि ती घरच्या वडीलधाऱ्यांच्या देखत गाइली जाते.

या शिक्षणाची निकड कशात होती, हे कायद्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते. 1929 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीच्या विवाहाची किमान मर्यादा 14 वर्षे ठरविली. ती 18 होण्यास 1978 साल उजाडावे लागले. त्यापूर्वीच्या काळात फेरातील कित्येक मुलींना सासर ही दूरची कल्पना नव्हती. लेकीचे लवकर लग्न टाळणे ज्या आईच्या हाती नव्हते, तिने निदान तिला बोलण्याची एक रीत हाती दिली. भोंडल्यातील शहाणपण म्हणावयाचे ते हेच.

तथापि त्याचा गौरव करताना त्यातील उणीव झाकता येणार नाही. या फेरात मुलगे नव्हते. जे पुढे पती, दीर व सासरे व्हावयाचे, त्यांच्या शिक्षणाची सोय या विधीने केली नाही. ज्यांनी सोसावयाचे त्यांना तक्रारीची भाषा मिळाली; ज्यांनी ती ऐकावयाची त्यांच्या कानी ती केवळ मुलींचा खेळ म्हणून पडली. म्हणूनच हे शिक्षण खरे असूनही अर्धे राहिले.

खिरापतीचा भाग मात्र निर्भेळ आनंदाचा. पदार्थ झाकलेला, गोड की तिखट, ओला की कोरडा, अशा प्रश्नांनी त्याचे वर्ग पाडीत उत्तरापाशी जावयाचे. काही ठिकाणी पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, अशी गाणी व खिरापती वाढविण्याची प्रथा आहे. त्यामुळे धाकट्या मुलीवर एकदम भार पडत नाही. काल पाठ झालेल्यावर आजचे चढते.

आज शहरांतील शाळांत व वसाहतींत भोंडला बहुधा एका सायंकाळी उरकला जातो, आणि मारहाणीच्या ओळी अशोभन म्हणून गाळण्याकडेही कल दिसतो. एका सायंकाळीत चढता क्रम राहू शकत नाही, आणि कडू ओळी गेल्या की उरते ती केवळ पाककृतींची यादी. कालबाह्य झाल्या म्हणून गाणी सोडून देणे समजण्यासारखे आहे. पण ती ठेवावयाची असतील तर त्यांच्या तक्रारीसह ठेवावी लागतील, आणि फेरात मुलग्यांनाही घ्यावे लागेल.